गाडी चालली, पण पासिंगचं काय? घरच्या शेडमध्ये बनलेल्या गाड्यांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आकडेमोड घाईत झाली होती, ती इथे नीट मांडली आहे.

आपल्याकडे कुणाची नवी गाडी दिसली की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ॲव्हरेज किती देते? आणि दुसरा, पासिंग कुठलं? आमच्या महाड-पोलादपूरच्या गाड्या पेण आरटीओच्या, म्हणजे एमएच ०६. पण समजा कुणी ती गाडी स्वतःच बनवली असेल? भंगारातलं इंजिन, चौकोनी पाइपची चेसिस, रिक्षाची चाकं आणि घरामागच्या शेडमध्ये केलेलं वेल्डिंग. ॲव्हरेजचा प्रश्न तो हसतहसत सांगेल. पासिंगचं विचारलंत की मात्र गप्प बसेल.

आजचा भाग या गप्प बसण्याचा इतिहास आहे. वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे घरी गाडी बनवणाऱ्यासमोर दोन दरवाजे होते. एक नंबरप्लेटचा, म्हणजे बनवलेली गाडी रस्त्यावर आणायचा. दुसरा कारखान्याचा, म्हणजे तशा चार गाड्या बनवून विकायचा. हे दोन्ही दरवाजे एकाच वेळी कधी उघडे राहिलेच नाहीत. एक उघडा होता तेव्हा दुसऱ्याला कुलूप होतं, आणि दुसऱ्याचं कुलूप निघालं तोवर पहिला बंद झाला होता.

शेडमध्ये काय चालतं

आधी कामाचं बोलू, कारण ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं इंजिन बसवलं की गाडी झाली. तसं नसतं.

आमच्या बाजूला अशी गाडी बनवायची इच्छा हौसेतून कमी आणि गरजेतून जास्त येते. पोलादपूर तालुक्यात वाड्या डोंगराच्या उतारावर. डांबरी रस्ता बऱ्याचदा वाडीच्या खाली कुठेतरी संपतो. वर न्यायचं काय, तर सिमेंटच्या गोण्या, खत, गॅसचा सिलिंडर. खाली आणायचं काय, तर भाताची पोती, पेंढा, लाकूड आणि कधी आजारी माणूस. आजही काही वाड्यांतून पेशंट डोलीत घालून चार खांद्यांवर रस्त्यापर्यंत आणावा लागतो. तिथे पिकअप चढत नाही आणि मोटारसायकलवर ओझं बसत नाही. मधल्या मापाची, हळू चालणारी, अरुंद गाडी कुठल्या शोरूममध्ये मिळत नाही. मग माणूस ग्राइंडर हातात घेतो.

मोटारसायकलचं इंजिन स्वस्त मिळतं, पण त्याला रिव्हर्स गिअर नसतो. शिवाय ते गाडी पळताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होतं. चढावर ओझं घेऊन माणसाच्या चालीने गेलात की वारा नाही, आणि इंजिन तापून बसतं. म्हणून जाणकार माणूस ऑटोरिक्षाचं इंजिन शोधतो. त्याला थंड करायला पंखा असतो, रिव्हर्स असतो आणि मुख्य म्हणजे डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली तर एक चाक घासत जातं आणि गाडी वळायला कुरकुरते. एकाच चाकाला चेन दिली तर गाडी एका बाजूला ओढते. डिफरन्शियल हा तिढा सोडवतं. हे सगळं जमलं की मग ब्रेक. आणि आमच्याकडे ब्रेकचा अर्थ सपाटीवर थांबणं नाही, घाट उतरताना थांबणं.

थोडक्यात, हे काम करणारा माणूस इंजिनिअरिंगच करत असतो, भले त्याच्याकडे डिग्री नसो.

इचलकरंजीची मीरा

आता पहिला दरवाजा. १९४०चं दशक संपत आलेलं. इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ, शाळा सातवीपर्यंत, मोटार बनवायच्या मागे लागले होते. मोठी नाही, छोटी. मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी. पहिली गाडी दोन माणसांची होती. पुढची वीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले आणि १९७०च्या आसपासचं रूप आजच्या छोट्या गाड्यांच्या बरंच जवळ गेलं. गाडीचं नाव मीरा. तिच्या सस्पेन्शनला स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबर वापरलं होतं. किंमत साधारण १२ हजार रुपये ठेवायचा विचार होता.

मीराचे जुने फोटो पाहिलेत तर एक गोष्ट चटकन डोळ्यात भरते. गाडीला नंबरप्लेट आहे! म्हणजे घरी बनवलेली मोटार तेव्हा रीतसर नोंदली गेली होती. त्या वेळी १९३९चा मोटार वाहन कायदा लागू होता. गाडीचा नमुना आधी एखाद्या संस्थेकडे चाचणीला पाठवायचा, ही आजची पद्धत तेव्हा नव्हती. नंबरप्लेटचा दरवाजा उघडा होता.

बंद होता तो दुसरा. १९५१च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्यानंतर मोटारीसारखी वस्तू किती बनवायची, कुणी बनवायची, हे दिल्लीत ठरत होतं. लायसन्स नाही तर कारखाना नाही. मीरा रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण बाजारात कधीच आली नाही.

याच काळातला दुसरा एक गाडी बनवणारा तरुण सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये क्रू इथे रोल्स-रॉइसमध्ये शिकाऊ म्हणून राहून आलेले संजय गांधी दिल्लीत गुलाबी बागेतल्या एका वर्कशॉपमध्ये छोट्या मोटारीचा नमुना जुळवत होते. १९७०मध्ये त्यांना वर्षाला ५० हजार गाड्यांसाठी सरकारी इरादापत्र मिळालं. त्या कंपनीतून ठरल्याप्रमाणे गाड्या कधी निघाल्याच नाहीत. पुढे ती गुंडाळली गेली, सरकारने ताब्यात घेतली, सुझुकी आली आणि १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर उतरली.

दोघेही वर्कशॉपमध्ये हात काळे करणारे. दोघांचंही स्वप्न छोटी, स्वस्त गाडी. इचलकरंजीच्या गाडीला मारुतीइतकं यश मिळालंच असतं असं मी म्हणणार नाही, मोटार धंदा फार खर्चिक असतो. पण तिला बाजारात उतरून पडायची संधीसुद्धा मिळाली नाही. लायसन्सराजचा तोटा आपण नेहमी मोठ्या उद्योगपतींच्या तोंडून ऐकतो. तो शेडमधल्या माणसालाही बसला होता.

लुना, पंपाचं इंजिन आणि जुगाड

१९७२ साली कायनेटिकची लुना आली. ५० सीसी, पेडल मारता येणारी, उघडायला सोपी. लुनाने मराठी माणसाला नुसतं फिरवलं नाही, इंजिन उघडायला शिकवलं. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस. त्यामुळे आहे ती गाडी दुरुस्त करून करून वापरणं हा नाइलाज होता, आणि त्या नाइलाजातून गावोगाव हात तयार झाले. एखादी लुना शेवटच्या घटका मोजायला लागली की तिचं इंजिन दुसऱ्या कशाला तरी लागायचं.

उत्तरेत हेच शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाने केलं. लाकडी पाट, जीपची चाकं आणि मध्ये पंपाचं इंजिन. त्या गाडीचं नावच ‘जुगाड’. ती इतकी पसरली की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१३ साली कोर्टाने स्पष्ट सांगितलं की जुगाड हेसुद्धा कायद्याच्या भाषेत मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही.

आणि नोंदणी का मिळत नव्हती? कारण तोवर पहिला दरवाजा बंद झाला होता. १९८८चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला, सोबत केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यातला नियम १२६ सांगतो की प्रत्येक उत्पादकाने गाडीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्या जवळची. नमुना एकदा पास झाला की तशा लाखभर गाड्या विकता येतात. पद्धत चांगली आहे, पण ती कारखान्याच्या मापाची आहे. चाचण्यांचा खर्च लाख गाड्यांवर वाटला तर काहीच नाही. एकाच गाडीवर टाकला तर गाडीपेक्षा चाचणी महाग.

गंमत बघा. १९९१नंतर लायसन्सराज गेलं, १९९३मध्ये मोटार उद्योगही परवान्यातून मोकळा झाला. कारखान्याचं कुलूप निघालं. पण तोवर एकट्या माणसाला नंबर मिळायची वाट संपली होती.

फलटणहून माथेरानपर्यंत

या कुलपाला एकदा मात्र भगदाड पडलं, आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या साताऱ्यात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकात सायकलरिक्षावर काम करत होते. माणसाने माणसाला ओढायचं हे ओझं कमी कसं करता येईल? आधी सायकलरिक्षाच सुधारली, मग तिला मोटरची मदत दिली, मग बॅटरीवर चालणारी रिक्षा बनवली. २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. देशात ई-रिक्षा हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीचं हे काम.

तरी ई-रिक्षा देशभर पसरली ती फलटणहून नाही. चीनमधून सुटे भाग आले, दिल्लीच्या गल्लीबोळात ते जोडले गेले आणि बघता बघता रस्ते भरले. ना नोंदणी, ना विमा. ३१ जुलै २०१४ला दिल्ली हायकोर्टाने त्यावर बंदी घातली. एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण आता प्रश्न एका माणसाचा नव्हता, पोट त्यावर चालणाऱ्या फार मोठ्या संख्येचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे नियम निघाले आणि २०१५मध्ये संसदेने कायदाच बदलला. ४००० वॉटपर्यंतची तीनचाकी बॅटरीची गाडी अशी ई-रिक्षाची वेगळी व्याख्या कायद्यात आली.

तीच ई-रिक्षा पुढे आमच्या रायगड जिल्ह्यात डोंगर चढली. माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथे हातरिक्षा माणूसच ओढायचा. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली, वर्षअखेरीस त्या धावल्या. ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, या फलटणच्या शेडमधल्या विचारावर कोर्टाची मोहोर उमटायला जवळजवळ तीन दशकं गेली.

एकट्याने गाडी बनवली तर लोक कौतुक करतात. हजारोंनी चालवली तर सरकार कायदा करतं. मधल्या माणसासाठी काहीच नाही.

देवराष्ट्रेची जीप

एकट्याच्या कौतुकाचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. डिसेंबर २०२१. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातून छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी चारचाकी! खर्च साधारण ६० हजार. व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत गेला. त्यांनी कौतुक केलं, आणि ट्वीटमधून हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. त्याबदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि छोटी जीप कंपनीकडे गेली.

या गोष्टीचा शेवट गोड आहे आणि त्या घराला मिळालं ते छानच झालं. पण इतिहास म्हणून बघा. १९५०च्या आसपास इचलकरंजीच्या घरगुती मोटारीला नंबर मिळाला. सत्तर वर्षांनी त्याच भागातल्या घरगुती जीपला मिळाली ती प्रदर्शनातली जागा. कौशल्य कमी झालं म्हणून हे झालं नाही.

मग नियम कशाला?

इथे कुणी म्हणेल, सोडा ना नियम, चालवू द्या. मी तसं म्हणणार नाही. ऑगस्ट २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण वेल्डरने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाती तुटली आणि त्यात त्याचा जीव गेला. चोवीस वर्षांचा मुलगा. ते विमानविद्येतलं काम होतं, रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी अवघड. तरी धडा एकच आहे. शेडमध्ये हुशारी भरपूर असते, पण आपलं वेल्डिंग दुसऱ्याने तपासायची सोय नसते. घाटात ब्रेक गेला तर बनवणाऱ्यासोबत समोरून येणाऱ्या एसटीतली माणसंही असतात. तपासणी हवीच.

प्रश्न इतकाच की ती तपासणी एका गाडीच्या मापाची का नाही? ब्रिटनमध्ये ती आहे. तिथे ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ नावाची चाचणी असते. घरी जोडलेली एकच गाडी घेऊन जायचं, तपासनीस ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, कडाकोपरे बघतो, नापास झाली तर कारणं लेखी देतो. दुरुस्त करून परत जायचं. पास झालात की नोंदणीला जाता येतं. आपल्याकडे त्या प्रामाणिक माणसाला नापास व्हायचीसुद्धा सोय नाही.

सूट आहे, पण सपाटीवरची

आता तुम्ही म्हणाल, छोट्या गाड्यांना सूट असते ना? असते. कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या आहेत. एक, कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच चालणारी खास गाडी. दोन, चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी. शिवाय नियमांनुसार पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजनाची बॅटरीवरची गाडी. यात एक मेख आहे. या अटी पाळल्या गेल्यात हे ठरवायचं तेही नियम १२६मधल्या चाचणी संस्थेनेच.

तरी समजा ते जमलं. आता गाडी पोलादपुरात आणू आणि हिशोब करू. गाडी, दोन माणसं आणि माल मिळून ४०० किलो. २५० वॉटची मोटर. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध साधारण ६० न्यूटन धरला तर वेग येतो ताशी १५ किलोमीटर. झकास. आता चढ लावा. १५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आमच्याकडे असा चढ काही विशेष नाही. नुसतं वर चढायलाच २६० न्यूटन लागतात. त्यात चाकांचा विरोध धरला, तर मोटरची सगळी ताकद चाकात उतरली तरी वेग येतो ताशी साधारण पावणेतीन किलोमीटर. डोकीवर भारा घेतलेली बाई तिला मागे टाकून जाईल.

पेट्रोलची सूट थोडी उदार आहे, २५ सीसीचं इंजिन साधारण एक हॉर्सपॉवर देऊ शकतं. पण पूर्ण थ्रॉटलवर अख्खा चढ ते तग धरत नाही. शिवाय कोकणात घरोघरी आलेल्या ग्रासकटरची इंजिनंही बहुतेक ३० ते ५० सीसीची, म्हणजे तीही सुटीच्या बाहेर.

म्हणजे सूट कुणासाठी आहे? सपाट शहरात सायकल चालवणाऱ्यासाठी. ती रेघ ओढताना कुणाच्या मनात डोंगर नव्हता. ज्याला छोट्या गाडीची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच त्या रेघेच्या बाहेर राहिला. आपल्या शेताच्या आवारात चालवली तर चालेल. पण डोलीतला पेशंट शेतात थांबत नाही, त्याला रस्त्यावर आणावं लागतं.

मला वाटतं मागणी फार मोठी नाही. हळू चालणाऱ्या, एकेकट्या बनवलेल्या शेती-मालाच्या गाडीसाठी एका दिवसाची तपासणी. चढावर थांबते का, उतारावर थांबते का, स्टिअरिंग सुटत नाही ना, वेल्ड धरतात का, रात्री दिसते का. पास झाली तर ठरावीक रस्त्यांपुरता, ठरावीक वेगाचा नंबर द्यावा. आयटीआय आहेत, पॉलिटेक्निक आहेत, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ‘बाहा’ स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी स्वतः गाड्या बनवतात आणि ट्रॅकवर उतरण्याआधी त्यांची कडक तपासणी होते. म्हणजे एकट्या गाडीला तपासायची पद्धत या देशात कॉलेजच्या पोरांसाठी आहे. ती गावातल्या वेल्डरसाठीही असू शकते.

शंकररावांच्या गाडीला नंबर होता, कारखाना नव्हता. आज कारखाना कुणीही काढू शकतो, पण एका गाडीला नंबर मिळत नाही. पुढच्या वेळी गावात कुणाच्या शेडसमोर अशी गाडी उभी दिसली तर ॲव्हरेज विचारून निघून जाऊ नका. ब्रेक कसे लावलेत ते विचारा, खाली वाकून वेल्ड बघा. तेवढी तपासणी तर आपण आजही करू शकतो.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू.